मान तुम्हाला, धन आम्हाला

लिहिण्याचे पैसे बुडाले असं कोणाला सांगून बघा. चार उत्तरं ठरलेली असतात. "आधी अ‍ॅडव्हान्स घ्यायचा नं!" "ऑनलाइनच्या भानगडीत पडायचंच कशाला?" "जाऊ द्या, तुम्हाला पेन्शन आहे." आणि चौथं, जे मला सगळ्यात जास्त झोंबतं... "काकू, तेवढाच वेळ चांगला गेला की!"

या चारही उत्तरांत, ज्यानं पैसे बुडवले त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. घरी चोरी झाली तर लोक कुलूप कोणतं होतं ते विचारतात हे खरं, पण निदान चोराला चोर तरी म्हणतात. लेखनाचे पैसे बुडवणाऱ्याला आपण काय म्हणतो? क्लायंट! फार तर "व्यवहाराला जरा कच्चा माणूस". व्यवहाराला तो अजिबात कच्चा नसतो. पक्का असतो. म्हणून तर काम त्याच्याकडे आणि उधारी आपल्याकडे राहते.

हकिकत थोडक्यात सांगते. गेल्या वर्षी एका ऑनलाइन एजन्सीकडून भाषांतराचं काम मिळालं. आरोग्यविषयक मजकूर इंग्रजीतून मराठीत आणायचा. दर शब्दाला ४० पैसे. पहिलं काम १,५०० शब्दांचं होतं, त्याचे ६०० रुपये तिसऱ्याच दिवशी खात्यात जमा झाले. त्यानंतर तीन महिन्यांत मिळून ३१,००० शब्दांचं काम केलं. हिशेब झाला १२,४०० रुपये. त्यातला एक रुपया आजपर्यंत आलेला नाही. आधी "मॅडम, अकाउंट्सला पाठवलंय" झालं. मग "मॅडम, आम्हालाच वरून पेमेंट आलं नाही" झालं. शेवटी "क्वालिटी टीमनं त्रुटी काढल्यात" असं आलं. त्रुटी कोणत्या ते दाखवा म्हटलं तर फोन लागेनासा झाला. आणि तोच त्रुटीवाला मजकूर एका मोबाइल अ‍ॅपवर शब्दन् शब्द जसाच्या तसा झळकतो आहे. माझी 'पोटात कळ येणे'सुद्धा तिथे सुखरूप आहे.

आता पेन्शनचं. हो, मला पेन्शन आहे. बारा हजारांवाचून माझी चूल विझणार नाही. पण माझी एक जुनी विद्यार्थिनी, देवळी तालुक्यातली, नागपुरात खोली घेऊन एमए करते आणि याच कामावर खोलीचं भाडं भरते. तिचे त्याच लोकांकडे १८,००० रुपये अडकले. तिला काय सांगायचं, वेळ चांगला गेला म्हणून? पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांनी "जाऊ दे" म्हणून सोडून दिलं की बुडवणाऱ्याला पक्कं कळतं, या धंद्यात लोक जाऊ देतात. माझ्या 'जाऊ दे'ची किंमत ती पोरगी भरते. म्हणून मी जाऊ देणार नाही, आणि हा लेख लिहिते आहे.

आता 'अ‍ॅडव्हान्स घ्यायचा नं' याचं उत्तर. दूधवाला महिनाभर दूध घालतो आणि एक तारखेला पैसे नेतो. पेपरवाला तसंच करतो. शिंपी ब्लाऊज शिवून मग शिलाई घेतो. इस्त्रीवाल्याला कोणी आधी पैसे देत नाही. आपला सगळा गाव आधी काम, मग पैसे याच विश्वासावर चालतो. दूधवाल्याचे पैसे बुडाले तर "तू आधी का नाही घेतलेस?" असं आपण त्याला म्हणतो का? आपण बुडवणाऱ्याचं नाव चारचौघांत घेतो. मग भाषांतर करणाऱ्या बाईलाच तेवढं शहाणपण का शिकवायचं?

गेले काही महिने मी या कामातल्या बऱ्याच जणांशी बोलले. बुडवायच्या रीती तशा मोजक्याच आहेत. एक रीत वर सांगितली : पहिलं छोटं काम, पैसे चोख, मग मोठं काम आणि फोन बंद. दुसरी रीत 'सँपल'ची. नोकरीसाठी चाचणी म्हणून प्रत्येकाला पाच पानं फुकट करायला द्यायची. वीस उमेदवारांना वेगवेगळी पाच पानं दिली की शंभर पानांचं पुस्तक फुकटात तयार! निवड कोणाचीच होत नाही. तिसरी रीत "सध्या पैसे नाहीत, पण नाव होईल". आणि चौथी सगळ्यात नीच, डेटा एन्ट्रीची. घरबसल्या टायपिंग करा म्हणून जाहिरात. मुद्दाम वाचता येणार नाही अशी स्कॅन केलेली पानं द्यायची. काम झालं की "तुमची अचूकता कमी भरली, कराराप्रमाणे दंड भरा" असं म्हणायचं, आणि वर वकिलाच्या नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस पाठवायची. म्हणजे राबणाऱ्यानं राबायचं आणि वर पैसेही त्यानंच द्यायचे. घरी बसून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या गृहिणी आणि शिकणारी पोरं या नोटिशीला घाबरून खरंच पैसे भरतात. असं कोणाच्या घरी झालं असेल तर एक पैसा भरू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, तिथे तक्रार करा.

हे भामटे इंटरनेटनं जन्माला घातले असं मात्र मला वाटत नाही. इंटरनेटनं त्यांना लपायला जागा दिली. शिकवण आपलीच आहे, आणि ती एका शब्दात मावते : मानधन.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे समास सोडवायची खोड जात नाही. संस्कृतात 'मानधन' हे विशेषण आहे. मान हेच ज्याचं धन आहे तो, बहुव्रीही. म्हणजे मानी माणूस. आपण त्याचा अर्थ केला 'मान म्हणून दिलेलं धन'. आणि व्यवहारात विग्रह आणखीच सोपा झाला : मान तुम्हाला, धन आम्हाला! मजुरी थकली तर देणेकरी ठरतो. पगार थकला तर मोर्चा निघतो. मानधन मात्र थकतच नाही, ते फक्त 'राहून जातं'. कारण ते देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. ते मागायला गेलं की मागणाऱ्याचाच मान जातो. इतका सोयीचा शब्द बुडवणाऱ्याला दुसरा मिळाला नसता.

आणि हा शब्द वापरण्यात सरकार सगळ्यात पुढे. २००० साली आपल्या राज्यानं 'शिक्षणसेवक' काढले. डीएड झालेल्या पोरापोरींना तीन वर्षं प्राथमिक शाळेत शिकवायचे महिना ३,००० रुपये. काम पूर्ण शिक्षकाचं, नाव सेवकाचं, आणि पगाराऐवजी मानधन. ते १६,००० व्हायला २०२३ साल उजाडलं. 'कायम विनाअनुदानित' शाळांचं तर विचारूच नका. २००९ मध्ये शासनानं त्यातला 'कायम' शब्द काढला, पण त्या शाळांतल्या कित्येक शिक्षकांनी तरुणपण बिनपगारी काढलं. दिवसा शाळा आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहिणारे मास्तर मी पाहिले आहेत. अंगणवाडी 'सेविका' आणि आशा 'स्वयंसेविका' यांचीही तीच गत. नावात सेवा घातली की पैशाचं तोंड बंद.

अंगणवाडीच्या बायकांनी मात्र हा समास कोर्टातून सोडवून आणला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या प्रकरणात त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. त्यात न्यायालयानं म्हटलं, की त्यांना मिळणारं मानधन ग्रॅच्युइटी कायद्यातल्या वेतनाच्या व्याख्येतच येतं. दिल्लीच्या न्यायमूर्तींना जे कळलं ते आपल्या साहित्य वर्तुळाला कधी कळायचं? दिवाळी अंकासाठी लेख मागणारे, व्याख्यानाला बोलावणारे, स्मरणिकेची मुद्रितं तपासून घेणारे... यातले काही जण चोख पैसे देतात, त्यांना माझा नमस्कार. पण छापखान्याचं बिल द्यायचं, कागदवाल्याचं द्यायचं, मांडववाल्याला आगाऊ द्यायचं आणि लिहिणाऱ्यापाशी येऊन "बजेट जरा टाइट आहे" म्हणायचं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ऑनलाइन भामटा याच शाळेत शिकला. त्यानं फक्त शालही वाचवली.

आता आमच्या वर्धेकरांचा खास आक्षेप. "आपण सेवाग्रामची माणसं. पैशापैशाचा हिशेब आपल्याला शोभत नाही." हे ऐकलं की मला हसावं की रडावं कळत नाही. कारण पैशापैशाचा हिशेब करायला गांधीजींइतका कोणी बसला नसेल, आणि तो ते इथे, वर्ध्यातच करत होते.

१९३५ ची गोष्ट. गांधीजी तेव्हा मगनवाडीत राहत होते, सेगावला जायचे होते. खादी स्वस्त पडावी म्हणून सूत कातणाऱ्या बायांना फार थोडी मजुरी मिळत असे. इकडे नालवाडीत विनोबांनी तासन् तास सूत कातून, त्या मजुरीत माणसाचं पोट भरतं का हे स्वतःच्या देहावर करून पाहिलं. भरत नव्हतं. गांधीजींनी आग्रह धरला, की कातणाऱ्याला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत असं त्यांचं म्हणणं होतं. तेवढी मजल लगेच गाठता आली नाही, पण चरखा संघानं निर्वाहापुरत्या मजुरीचं धोरण स्वीकारलं आणि दर वाढवले. खादी महागेल, खप कमी होईल, अशी ओरड तेव्हाही झाली. पण कातणारीचं पोट मारून खादी स्वस्त करणं त्यांना मान्य नव्हतं.

विचार करा. चरखा म्हणजे यज्ञ म्हणणारा माणूस, रोज स्वतः फुकट सूत कातणारा माणूस, दुसऱ्याच्या घामाच्या वेळी म्हणाला : हिशेब करा, आणि पैसे द्या. सेवा करायची ती स्वतःच्या खुशीनं, स्वतःच्या वेळेची. दुसऱ्याच्या वेळेची सेवा परस्पर करून टाकायची नसते, तिला वेठ म्हणतात. तेव्हा सेवाग्रामचं नाव घेऊन मला कोणी गप्प करू नये.

माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा एक जण आज हिंगणघाटच्या बाजारात कापूस विकतो. त्याला मी ही सगळी कथा सांगितली. तो म्हणाला, "बाई, आमचा चुकारा थांबला तं आमी यार्डात जाऊन बसतो. तुमी कुठं बसान?"

चार पुस्तकांत मिळालं नसतं ते त्यानं एका वाक्यात सांगितलं. चुकारा! मानधन नाही, मोबदला नाही, चुकारा. जे चुकतं करायचं असतं ते. आपल्याकडे कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात चुकारे हप्त्यांनी मिळत, आणि त्यासाठी शेतकऱ्यांनी किती हेलपाटे घातले हे विदर्भातल्या कुठल्याही घरात विचारा. पण कापूस मोजला गेला की पैसे देणं लागतं, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही शेतकरी संघटनेची घोषणा गावोगावच्या भिंतींवर होती. आजही व्यापारी बुडवतात, नाही असं नाही. पण काटा असतो, पावती असते, बाजार समितीचं दार असतं आणि शेजारी आणखी पन्नास गाड्या उभ्या असतात. आमच्या कामाला दार नाही. जो तो आपापल्या खोलीत, आपापल्या मोबाइलकडे बघत बसलेला. एका एजन्सीनं चाळीस जणांना बुडवलं तरी त्या चाळिसांना एकमेकांचं नाव माहीत नसतं. भामट्याचं खरं भांडवल हेच आहे.

कायदा अगदीच नाही असं मात्र नाही. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा फक्त कारखान्यांसाठी आहे असं वाटतं, पण त्यात सेवा देणारेही येतात. आधार आणि पॅनवर उद्यम नोंदणी मोफत होते. अशी नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ते काम स्वीकारलं असंच धरलं जातं. तीन महिन्यांनी उगवणाऱ्या 'क्वालिटी टीम'ला हे कलम वाचून दाखवा. नोंदणी मात्र काम घेण्याआधी केलेली बरी.

दुसरा कायदा १९५७ चा, कॉपीराइटचा. पगारी नोकर नसलेल्या लेखकानं लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक तो लेखकच असतो. लेखी आणि सही केलेल्या कागदाशिवाय ती मालकी दुसऱ्याकडे जात नाही. म्हणजे पैसे न देता माझा मजकूर वापरणारा माझे पैसे बुडवतो ते वेगळंच, वर माझी मालमत्ताही वापरतो. आणि बायकांसाठी आणखी एक. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्याला विधी सेवा प्राधिकरण आहे, आपल्या वर्ध्यालाही. पैशाचा दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा फार दिवस चहावर चर्चा करत बसू नये.

पण हे सगळं कायदे समोरच्याला नाव आणि पत्ता आहे असं धरून चालतात. ज्याचा फक्त एक मोबाइल नंबर आहे त्याला नोटीस कुठे पाठवायची? पोलिसांत जावं तर "हा दिवाणी मामला आहे", आणि दिवाणी कोर्टात जावं तर बारा हजारांसाठी जितक्या तारखा तितके एसटीचे फेरे. न्यूयॉर्क शहरानं २०१७ पासून यासाठी वेगळा कायदाच लागू केला. ८०० डॉलर किंवा त्याहून जास्तीच्या कामाला लेखी करार सक्तीचा, तारीख ठरली नसेल तर काम झाल्यावर ३० दिवसांत पैसे, आणि बुडवले तर दुप्पट भरपाई. २०२४ मध्ये सगळ्या न्यूयॉर्क राज्याला तसा कायदा लागू झाला. आपल्याकडे उसाला १९६६ च्या आदेशानं १४ दिवसांची मुदत आहे आणि उशिराला १५ टक्के व्याज. उसाला जे मिळालं ते शब्दाला का मिळू नये? मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले. आता त्या अभिजात भाषेत राबणाऱ्यांची मजुरी वेळेवर मिळेल असा एक साधा कायदा करा म्हणावं.

इथे कोणीतरी म्हणेलच, "आता एआय फुकटात भाषांतर करतं, तुम्ही कशाला भांडता?" बरं मग, त्याच्याकडूनच करून घ्या. आमची काही तक्रार नाही. पण मलाही नंतर नंतर मशीननं केलेलं मराठी 'जरा नजर फिरवा' म्हणून येत होतं. ती नजर फिरवायला मूळ भाषांतराइतकाच वेळ लागायचा. मशीनचं फुकट आणि माणसाचंही फुकट असा दुहेरी नफा मारणाऱ्याला तंत्रज्ञान म्हणू नका. जोवर शेवटी माणसाची नजर लागते आहे, तोवर त्या नजरेचा चुकारा द्यावा लागेल.

तर मंडळी, तुमच्यापैकी जे लिहितात, भाषांतरं करतात, मुद्रितं तपासतात त्यांना हात जोडून विनंती. 'मानधन' हा शब्द आपल्या तोंडून काढून टाका. दर सांगा, तारीख सांगा, बिल पाठवा, आणि थकलं तर मागताना लाजू नका. लाज ठेवणाऱ्याची आहे, मागणाऱ्याची नाही. ज्यानं बुडवलं त्याची माहिती एकमेकांना द्या, आपला यार्ड आपल्यालाच बांधावा लागेल. आणि जे नात्यातले, आप्तेष्ट वाचताहेत त्यांना एवढंच सांगणं : पुढच्या वेळी घरातल्या कोणाचे असे पैसे बुडाले, तर 'अ‍ॅडव्हान्स का नाही घेतला' हे गिळून टाका आणि विचारा, "कोणी बुडवले?"

मी उद्यम नोंदणी केली आहे. माझ्या विद्यार्थिनीचीही करून दिली. तिच्या १८,००० साठी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज तयार आहे, त्याला माझ्या ३१,००० शब्दांचा हिशेबही जोडला आहे. अ‍ॅपचा मालक कोण हे शोधायला तिनं दोन रात्री घालवल्या आणि त्याचा नोंदणीकृत पत्ता काढला. एजन्सी पळाली असेल, पण मजकूर वापरणारा पळालेला नाही.

सोमवारी आम्ही दोघी कोर्टाच्या आवारात जाणार आहोत. आणखी कोणाचे थकले असतील तर कागद घेऊन या.